मिडलवेटची जोड

हॅगलर आणि मॉन्झॉन, दोघंही जुने नावाजलेले बॉक्सर, कधीच एकमेकांसमोर आले नाहीत. मॉन्झॉन सत्त्याहत्तरला जगज्जेतेपदाच्या गादीवर असतानाच रिटायर झाला आणि हॅगलरला गादी मिळाली ऐंशीला. मधली दोन-तीन वर्षं आडवी आली म्हणून ती लढत राहून गेली. आता दोघंही गेले. पण दिल्लीत आमच्या घरी दर रविवारी सकाळी ती लढत व्हायची. चार वर्षं झाली, निकाल काही लागत नव्हता.

मी मल्हारी. पलटणीत हवालदार होतो, आता द्वारकाला एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. शाळा सातवीपर्यंत झाली, बाकीचं पलटणीनं शिकवलं. पलटणीकडनं मी पंचाहत्तर किलोत बॉक्सिंग खेळायचो, म्हणजे मिडलवेट. डावा कान त्यातच गेला. त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही, आणि मी तर नाहीच नाही.

माझ्यासमोर बसायचे ते विनायकराव. केंद्र सरकारात मोठे ऑफिसर, लक्ष्मीबाई नगरला क्वार्टर. रिटायरमेंट जवळ आली म्हणून त्यांनी आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि सुतारकामावर नजर ठेवायला दर रविवारी यायला लागले. पहिल्याच रविवारी मी गेटवर मोबाइलवर हॅगलरची जुनी फाइट बघत होतो. ते गाडीतनं वाकून बघत म्हणाले, "चांगला होता. पण मॉन्झॉनपुढे टिकला नसता."

मी बॅरियर अर्धा उचलला होता, तो परत खाली घेतला. त्यांचा सुतार वर वाट बघत बसला.

तेव्हापासनं सुरू झालं. गेटवर मी त्यांना साहेब म्हणायचो, घरात विनायकराव. ते मला दोन्हीकडे मल्हारीच म्हणायचे. फ्लॅटचं काम काही संपत नव्हतं. रविवारी सकाळी माझी पाळी सुटली आणि त्यांची फ्लॅटवर चक्कर मारून झाली की ते पालमला आमच्या दोन खोल्यांत यायचे, पोहे खायचे आणि वाद घालायचे. पुस्तकं वाचलेला माणूस, आकडे तोंडपाठ. मी मार खाल्लेला माणूस, मला मार तोंडपाठ. हॅगलरला आम्ही टकल्या म्हणायचो आणि मॉन्झॉनला लंबू, कारण पोहे तोंडात असताना ती नावं धड येत नाहीत.

आता जोड म्हणजे काय ते सांगतो, सगळा घोळ तिथंच झाला. आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्या असतात तेव्हा पंच मंडळी दोन पैलवान समोरासमोर उभे करतात, वय बघतात, वजन बघतात आणि मग ठरवतात, ही जोड लावायची का नाही. बॉक्सिंगलाही मी तोच शब्द वापरायचो. विनायकराव आधी मॅचअप म्हणायचे, पण वर्षभरात तेही जोड म्हणायला लागले. "मल्हारी, आज कुठली जोड लावायची?" असं म्हणतच चपला काढायचे.

मुलं मात्र दिल्लीत वाढलेली. माझी सुकन्या फिजिओथेरपिस्ट आहे, करोल बागेत क्लिनिकमध्ये असते. तिला जोड म्हणजे हिंदीतला, सांधा, गुडघा नाहीतर कोपर. आणि मराठीतली असली तर नवरा-बायको. जत्रेतली जोड तिला कुणी सांगितलीच नव्हती. मीसुद्धा नाही. रविवारी सकाळी ती झोपलेली असायची, मग सांगणार कधी.

अजून एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे भंजाळून जाल. सुकन्या आणि विनायकरावांचा चैतन्य, दोघांचं वर्षभरापासनं जमलं होतं. दुपारी वडिलांना न्यायला तो गाडी घेऊन यायचा, आमचा वाद संपायचा नाही, मग ही दोघं बाहेर बोलत उभी राहायची. त्यातनंच. शेवटी चैतन्यनं आईला सांगितलं. अलकनंदावहिनी म्हणाल्या, बाबांशी मी बोलते, ते मल्हारीभाऊंशी बोलतील. वहिनी बोलल्याच नाहीत. पण सुकन्याला वाटलं, बोलणं झालंय. म्हणून त्या रविवारी ती लवकर उठली, आईबरोबर स्वयंपाकघरात कांदा चिरायला बसली आणि कान बाहेर लावून राहिली. तिच्या हिशेबानं आज दोन बाप तिचा निकाल लावणार होते.

आणि आम्ही बसलो होतो लंबू आणि टकल्या घेऊन.

"त्याचा हात बघितलास का मल्हारी? हात आहे का बांबू. टकल्या जवळ येणार कसा?"

"वाकून येणार. बांबूखालनं. आणि बरगडीत असा घालणार की तुमचा लंबू अर्जेंटिनाची भाषा विसरंल."

"चौदा वेळा गादी राखली त्यानं."

"कुणापासनं? टकल्यापासनं नाही."

"टकल्या तेव्हा होता कुठं?"

"तेच तर म्हणतोय. वाचला."

विनायकराव हसले, पोह्यांची वाट बघत आत एकदा नजर टाकली आणि म्हणाले, "बरं, टकल्या सोड. लिओनार्ड घे."

हे ते मुद्दाम करायचे. सत्त्याऐंशीला लिओनार्ड हलक्या वजनातनं वर चढून आला आणि हॅगलरशी लढला. दोन पंचांनी लिओनार्डला दिलं, एकानं हॅगलरला. तो निकाल मी मानत नाही. पलटणीत आम्ही ती कॅसेट इतक्या वेळा लावली की टेप तुटली, आणि प्रत्येक वेळी हॅगलरच जिंकला.

"लिओनार्डचं नाव जेवायच्या आधी घेऊ नका," मी म्हणलं.

"अरे, टकल्याशी नाही. लिओनार्ड विरुद्ध मॉन्झॉन. ही जोड लागली असती तर?"

मी जरा थांबलो. ही जोड आम्ही कधी लावली नव्हती. डोळे मिटून दोघांना रिंगमध्ये उभं करून बघितलं. एक नाचतोय, एक नुसता उभा, हात लांब. आणि मी म्हणलं, मनापासनं म्हणलं, "नाही. ही जोडच चुकीची आहे."

"बोल."

"वजनात बसत नाही. गुणी आहे, देखणा आहे, चपळ आहे, सगळं आहे. पण खालच्या वजनाच्यानं वरच्या वजनाच्या घरात पाय ठेवायचाच नाही. ठेवला की जन्मभर मान वर करून बघायला लागतं. मार तो खातो आणि बघायला लागतं घरच्यांना."

विनायकरावांनी मांडीवर थाप मारली. "बिल्कुल. चार वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखा बोललास. गुण कितीही असू देत, वजन ते वजन. मेक्सिकोहून तो नापोलेस आला होता, केवढा गुणी, हलक्या वजनातनं चढला लंबूवर. सहा-सात फेऱ्यांत त्याच्याच कोपऱ्यातल्या माणसांनी बस म्हणलं. मी पंच असतो तर असली जोड लावूच दिली नसती."

"मीपण नसती लावू दिली."

"मग ठरलं?"

"ठरलं."

हात मिळवले आम्ही. चार वर्षांत पहिल्यांदा एकमत. मला इतकं बरं वाटलं की मी आत ओरडलो, "अगं पोहे आणा, आज तोंड गोड करायला पाहिजे."

सुकन्या पोहे घेऊन आली. बशा खाली ठेवल्या आणि गेली. पोह्यांत मीठ नव्हतं. लिंबाची फोड नव्हती. विनायकराव मुकाट खात होते, मला वाटलं मोठ्या माणसांना डॉक्टरनं मीठ बंद केलेलं असतं, बरंच झालं. त्या दिवशी चैतन्य गाडी घेऊन आला तो गाडीतच बसून राहिला. हॉर्न वाजवला. कधी वाजवत नाही तो.

पुढच्या आठवड्यात घरातलं काही समजेनासं झालं. सुकन्या माझ्याशी कामापुरतं बोलायची. ठकूबाई, म्हणजे माझी बायको, नाव तिच्या आजीचं ठेवलंय, ती माझ्याकडे असं बघायची जसं काही मी कुणाची तरी म्हैस पळवून आणलीय. विचारलं की म्हणायची, "काही नाही. तुमचं ठरलंय ना, मग झालं."

"काय ठरलंय?"

"ते तुम्हालाच माहीत."

एका संध्याकाळी सुकन्या माझ्यासमोर येऊन बसली. बराच वेळ फोनचं कव्हर काढत-घालत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, वजन इतकं इम्पॉर्टंट असतं का?"

आता मला काय कळणार. आजकालच्या पोरींना सारखं बारीक व्हायचं असतं, मला वाटलं तसलं काही असेल. मी प्रेमानं म्हणलं, "बाळा, तुझं वजन असून असून किती. पन्नास-एक्कावन्न. तू तर फ्लायवेट. मिडलचा तू विचारच करायला नको."

"विचारच नको?"

"स्वप्नातसुद्धा नको. आपण आपल्या वजनात राहावं. अंगाला बरं असतं."

तिनं मान हलवली, उठली आणि आत गेली. मला वाटलं समजूत पटली. बापानं दोन शब्द नीट सांगितले की पोरं ऐकतात, असं मी ठकूबाईला म्हणलंसुद्धा. ती तवा घासत होती, जोरात घासायला लागली.

दोन दिवसांनी चैतन्य गेटवर आला. गाडी नव्हती, मेट्रोनं आला होता, घामानं शर्ट चिकटलेला. मी खुर्ची दिली, बसला नाही.

"काका, एक विचारू? वजन म्हणजे तुम्ही नेमकं काय बघता?"

मला आनंद झाला. म्हणलं, चला, पुढची पिढी इंटरेस्ट घ्यायला लागली. "वजन म्हणजे वजन बेटा. काट्यावर उभं केलं की कळतं. अंगावरचं सगळं काढायचं, तरच खरं कळतं. लोक काय काय घालून येतात, पाणी पिऊन येतात. काटा फसत नाही."

"आणि कमी पडलं तर?"

"तर जोड लागत नाही. पंच लावूच देत नाहीत."

"पंच कोण आहेत यात?"

"कोण म्हणजे? मी आणि तुझे बाबा."

"आणि ज्यांची जोड आहे, त्यांना कुणी विचारत नाही?"

मी हसलो. "त्यांना काय विचारायचं? ते मेले कधीच."

त्याचा चेहरा असा झाला की मी घाबरलो. ऊन लागलं की काय याला. पाणी देतो म्हणलं, तर तो "नको काका, नमस्कार" म्हणाला आणि निघाला. लांबपर्यंत मी त्याला बघत राहिलो. नमस्कार म्हणाला, पण हात जोडले नाहीत. मला काही केल्या उलगडेना.

उलगडा ठकूबाईनं केला. ती भाजी निवडत होती, मी जवळ बसून शेंगा खात होतो. ती खाली बघूनच म्हणाली, "पोरगी पुण्याला चाललीय. तिथल्या हॉस्पिटलात नोकरी धरली तिनं."

"पुण्याला? आणि इथली?"

"इथं राहून काय करू म्हणते. रोज त्याच मेट्रोत तो दिसणार."

"कोण तो?"

तिनं पालक खाली ठेवला. "अहो, तुम्ही खरंच असं विचारताय का सोंग करताय?"

"आईशपथ, कोण तो?"

मग तिनं सगळं सांगितलं. चैतन्य, सुकन्या, वर्षभर, गाडी, वहिनींचं मी बोलते. आणि मग त्या रविवारचं. मी काय बोललो, विनायकराव काय बोलले, ते सगळं शब्दाला शब्द. वरच्या वजनाच्या घरात पाय ठेवायचा नाही. गुणी आहे पण वजनात बसत नाही. आणि वर हात मिळवून तोंड गोड करायला पोहे मागितले.

मला हसू आलं. खो खो हसलो मी, शेंगेचा दाणा नाकात गेला. "अगं येडे, ते लिओनार्ड आणि मॉन्झॉनचं होतं. बॉक्सरांचं. एक अर्जेंटिनाचा, एक अमेरिकेचा."

ती हसली नाही. म्हणाली, "असेल. पण अर्जेंटिनाचं बोलताना तुमचा आवाज असा कसा झाला होता? मी पण ऐकलंय. आपल्याच घरचं बोलावं तसं बोलत होता तुम्ही."

तिथं माझं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलून घेतली आणि लक्ष्मीबाई नगरला निघालो. द्वारकापासनं मेट्रोत बसायला जागा मिळते, मी उभाच राहिलो. डोक्यात एकच चाललं होतं. सांगून टाकायचं की बॉक्सिंगचं होतं, मिटलं. पोरं हसतील, लग्न होईल. आणि लग्न झालं की? सुकन्या त्या फ्लॅटमध्ये राहायला येणार, माझ्याच सोसायटीत. संध्याकाळी जावई गाडी घेऊन येणार, शेजारी माझी पोरगी बसलेली, आणि बॅरियर उचलायला मी. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढं त्या आधी कधी आलं नव्हतं. मग त्या रविवारी मी डोळे मिटून बघितलं ते काय बघितलं? माझं मलाच कळेना. आयएनएला उतरायचं होतं, एक स्टेशन पुढं गेलो आणि परत मागं आलो.

चार वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदा जात होतो. त्यांनी बोलावलं नव्हतं असं नाही, माझंच कधी जमलं नाही. का नाही कुणास ठाऊक. सकाळची वेळ होती, विनायकराव ऑफिसच्या कपड्यांत, दार त्यांनीच उघडलं.

"मल्हारी? काय रे, सुतारानं काही घोळ घातला का?"

"घोळ आपण घातलाय," मी म्हणलं आणि उभ्या उभ्या सांगितलं.

त्यांना काहीच माहीत नव्हतं. आधी त्यांनी चष्मा काढला, मग पुसला, मग घातला आणि मग माझ्यासारखेच हसायला लागले. "म्हणजे पोरांना वाटलं आपण त्यांची... अरे देवा. चल, आत्ताच फोन लावतो चैतन्यला. सांगून टाकू बॉक्सिंगचं होतं."

"सांगू. पण आधी मला सांगा विनायकराव. बॉक्सिंगचंच होतं का?"

"म्हणजे?"

"तुमच्याकडनं. फक्त बॉक्सिंगचं होतं का?"

ते फोन हातात धरून बसले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, फाइटमध्ये बघतात तसं, खांदा कुठं हलतो ते बघत. काहीच हलेना.

"मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "तू कसलं विचारतोस रे सकाळी सकाळी. मी असला विचारच केला नव्हता. केला असता तर... मला खरंच माहीत नाही." मग एकदम माझ्यावर उलटले. "आणि सुरुवात तू केलीस. घरात पाय ठेवायचा नाही, हे वाक्य तुझं."

"माझंच."

"मग तुलाच नकोय का हे लग्न?"

"ते मला माहीत असतं तर मी एवढ्या लांब कशाला आलो असतो? मला वाटलं तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगाल."

अलकनंदावहिनी आतनं आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी, माझा आवाज तसाच आहे. ट्रे टेबलावर ठेवत म्हणाल्या, "मी सांगायला बसले होते ह्यांना. कितीदा तरी. बसले की हे म्हणायचे, थांब, मल्हारीचा फोन येतोय, ग्रेब म्हणून जुना बॉक्सर, त्याचं काहीतरी आहे."

"ग्रेबचं महत्त्वाचं होतं," विनायकराव हळूच म्हणाले. "त्याच्या लढतीची एकही फिल्म शिल्लक नाही, अलका."

"मुलाची आहे. घरातच फिरते. दाढी वाढवून." त्या माझ्याकडं वळल्या. "मल्हारीभाऊ, तुम्हाला दोघांना निकाल कुणी विचारलेला नाही. निकाल लागून वर्ष झालंय. तुम्ही नको म्हणणार असाल तर तसं तोंडावर सांगा, तो अर्जेंटिनाचा माणूस मध्ये घालू नका. चहा घ्या."

चहा घेतला. निघताना विनायकराव खाली मेट्रोपर्यंत आले. मध्येच थांबून म्हणाले, "मल्हारी, मला सुकन्या आवडते रे. हे मी खरं सांगतोय. बाकीचं मला बघू दे जरा." मी म्हणलं, मलापण चैतन्य आवडतो, आणि बाकीचं मलाही बघू दे. मग दोघं फुटपाथवर उभे राहिलो, बाकीचं म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक, आणि कुणीच बघेना.

तिथनं मी तसाच करोल बागेत गेलो. घरी पोरगी बोलत नाही, तर म्हणलं क्लिनिकमध्ये गाठू, तिथं तिला पेशंट सोडून पळता येणार नाही. नंबर लावला, बायाबापड्यांच्या रांगेत बसलो. माझा नंबर आला तेव्हा तिनं मला बघितलं, मागं बाकीचे पेशंट बघितले आणि म्हणाली, "कुठं दुखतंय?"

"जोडात."

"कुठल्या?"

"तेच सांगायला आलोय," म्हणलं आणि कॉटवर आडवा झालो. तिनं माझा गुडघा धरला. मी जत्रेतली जोड सांगितली. पंच, वजन, हात मिळवायचे, सगळं. मग लंबू, टकल्या, लिओनार्ड. मला वाटत होतं आता हसेल, आता हसेल. तिचा अंगठा गुडघ्यावर हळूहळू फिरत होता.

"म्हणजे ते माझ्याबद्दल नव्हतंच?"

"देवाशपथ नव्हतं."

"आणि फ्लायवेट?"

"ते तुझ्याबद्दल होतं, पण तुझ्याबद्दल नव्हतं. मला वाटलं तू डाएट करतीयस."

आता तिच्या ओठाचं टोक जरा हललं. पण पोरगी माझी आहे, लगेच सोडणार नाही. "पप्पा, मी तेव्हाच येऊन सरळ विचारलं असतं, चैतन्यशी लग्न करू का, तर काय बोलला असता?"

खोटं बोलता आलं असतं. बॉक्सर माणूस तोंड बंद ठेवून मार खाऊ शकतो. पण गुडघा तिच्या हातात होता. मी म्हणलं, "तेच बोललो असतो बहुतेक. शब्द बदलले असते."

तिनं असा काही अंगठा दाबला की मी कॉटवरनं अर्धा उठलो. बाजूच्या कॉटवरच्या आजी म्हणाल्या, "हाय राम, आराम से बेटी."

"का?" सुकन्यानं विचारलं.

"तू गाडीत बसून येशील. आणि बॅरियर मी उचलणार."

"एवढंच?"

"मला एवढंच दिसतं. विनायकरावांना काय दिसतं ते त्यांना अजून दिसलेलं नाही."

तिनं गुडघ्याला शेक लावला, पट्टा बांधला. मग म्हणाली, "चैतन्य उतरून उचलणार आहे. बॅरियर. आमचं बोलणं झालंय यावर."

"कधी?"

"केव्हाच. सुरुवातीलाच. भांडणसुद्धा झालंय. तो म्हणाला पप्पांना नोकरी सोडायला सांगू, मी म्हणलं, सांगून बघ, तुझं नाक ते तिथंच सपाट करतील."

म्हणजे आम्हाला आत्ता जे दिसायला लागलं, ते ह्या दोघांनी आधीच बघून, भांडून, मिटवून ठेवलं होतं. मग आम्ही दोघं म्हातारे नेमके कशात पंच होतो?

"मग आता पुणं रद्द ना?" मी विचारलं.

"पुणं कशाला रद्द?"

"अगं, रुसून घेतली होतीस ना ती नोकरी?"

"रुसून घेतली. पण नोकरी चांगली आहे, पप्पा. स्पोर्ट्स इंज्युरीचं डिपार्टमेंट आहे. चैतन्य पण तिकडे बघतोय. त्याच्या कंपनीचं ऑफिस आहे तिथं."

"आणि तो फ्लॅट? बॅरियर?"

"फ्लॅटमध्ये त्याचे आईबाबा राहतील की. नेक्स्ट," ती पडद्याबाहेर बघत म्हणाली.

मी बाहेर रस्त्यावर आलो, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि मला सांगता येईना की झालं ते चांगलं झालं का काय झालं. लग्न ठरलं होतं बहुतेक. पोरगी चालली होती नक्की.

साखरपुडा आमच्याकडंच झाला, दोन खोल्यांत, अर्धी माणसं जिन्यात. विनायकराव क्रीम कलरचा कुर्ता घालून आले. मला मिठी मारली आणि चार माणसांत म्हणाले, "मल्हारराव, तुमची मुलगी आमच्या घरी येतेय, आम्ही भाग्यवान आहोत." छान बोलले. ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इकडंतिकडं बघत होतो, हे मल्हारराव कोण म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी ते फ्लॅटवरनं घरी आले. मी हॅगलरची फाइट लावूनच ठेवली होती. चपला काढताना त्यांनी काही विचारलं नाही. खुर्चीवर बसले, टेकले नाहीत. ठकूबाईनं चहाला ठेवणीतली कपबशी काढली, नेहमीचा स्टीलचा पेला नाही.

मी म्हणलं, "विनायकराव, परवा रात्री विचार केला. टकल्यानं तुमच्या लंबूला पाचव्या फेरीत झोपवला असता."

"असेल," ते म्हणाले. "तुम्ही खेळलेले आहात, तुम्हाला जास्त कळतं."

मी त्यांच्याकडं बघितलं. चेष्टा करत नव्हते. म्हणलं, बघू जरा. "पाचव्या नाही, तिसऱ्या. लंबू नुसता उंच होता. उंच काय, खांब पण असतो."

त्यांचे कान लाल झाले. हाताची बोटं मांडीवर एकदा उघडली, मिटली. मला वाटलं आता आला ठोसा. मी सरसावून बसलो.

"असेल हो," ते म्हणाले. "अहो मल्हारराव, जरा साखर मिळेल का?"

ठकूबाई आतनं डबा घेऊन धावत आली, व्याह्यांनी मागितली म्हणून. चार वर्षं ते स्वतः उठून फळीवरनं घ्यायचे.